वेगळं वाढलेलं ताट

आपली घरं नोंदी ठेवत नाहीत असं म्हणता येणार नाही. लग्नात मांडवाच्या तोंडाशी घरातला एखादा जाणता माणूस वही-पेन घेऊन बसतो आणि कुणी किती आहेर केला ते गावाच्या नावासकट लिहून घेतो. ती वही पुढे वीस वर्षं कपाटात जपली जाते, कारण त्या माणसाच्या घरी कार्य निघालं की ती उघडायची असते. भावाभावांत वाटणी झाली की बांध कुठून, आंबा कुणाचा, विहिरीचं पाणी कुणाला किती दिवस, हे सगळं कागदावर येतं. आईबाप गेलेल्या लहान मुलाचं नाव सातबाऱ्यावर लागतं तेव्हा त्याच्यापुढे ‘अ.पा.क.’ ही अक्षरं येतात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि मग चुलत्याचं किंवा मामाचं नाव. त्या मुलाच्या वाट्याला किती गुंठे आले आणि ते कोण सांभाळतो, याची सरकारदरबारी नोंद होते. तेच मूल त्या घरात कुठे झोपतं, आजारी पडलं तर त्याला दवाखान्यात कोण नेतं, त्याच्या पाठीवरचा वळ कशाने उठला, हे मात्र कुणी कुठेही लिहीत नाही.

नात्यातल्या माणसांनी केलेला छळ आणि हेळसांड तारखेनिशी लिहून ठेवणं म्हणजे घर फोडणं, अशी एक समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. मला ती चुकीची आणि घातक वाटते. घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या शब्दाला घरातल्या मोठ्यांच्या शब्दासमोर टिकायचं असेल, तर लेखी नोंदीइतका भक्कम आधार त्याला दुसरा नसतो. ‘घरातलं घरात मिटवा’ असं सांगणाऱ्याला आपण कुणाचीच बाजू घेतली नाही असं वाटतं. प्रत्यक्षात त्याने ज्याचा हात वर आहे त्याचीच बाजू घेतलेली असते.

आईबापांच्या मारहाणीबद्दल आता थोडंफार बोललं जातं. चुलता, मामा, आत्या, मावशी, आजोबा, थोरली जाऊ, चुलतभाऊ यांच्याबद्दल बोलणं अजूनही फार जड जातं. त्याचं कारण आपल्या जगण्याच्या रचनेत आहे. आपल्याकडे पोरकं मूल सहसा अनाथाश्रमात जात नाही, ते नातेवाइकांकडे जातं. तालुक्याला शिकायला ठेवलेली भाची मामाकडे राहते. नवऱ्याने टाकलेली बाई मुलं घेऊन माहेरी, म्हणजे भाऊ-भावजयीच्या संसारात परत येते. बीडकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या पट्ट्यात जातात ते उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. त्यांच्या मागे राहिलेली मुलं हंगामी वसतिगृहात गेली नाहीत तर म्हाताऱ्या आजीजवळ किंवा चुलत्याकडे राहतात. मूलबाळ नसलेली आत्या भाच्याच्या भरवशावर म्हातारपण काढते. २०२१ साली करोनाने दोन्ही पालक नेले त्या मुलांसाठी सरकारने ठेवी जाहीर केल्या, पण त्यांच्या डोक्यावर छप्पर धरलं ते बहुतेक ठिकाणी काका-मामांनी आणि आजी-आजोबांनी. सरकारने ही जबाबदारी कधी पुरती उचलली नाही, ती नात्यांनी उचलली, आणि पुष्कळ घरांनी मायेने उचलली. हे ऋण आधी मान्य केलं पाहिजे.

पण माया उपकार म्हणून मोजली जाऊ लागली की घराचं रूप बदलतं. ‘आम्ही सांभाळलं नसतं तर कुठे गेला असतास?’ हे वाक्य ज्या मुलाने वारंवार ऐकलं, त्याला आपण तक्रार करायची नसते हे कायमचं पाठ होतं. माहेरी परतलेल्या आईची अवस्था याहून बिकट. मामा रात्री जवळ येऊन झोपतो असं मुलीने सांगितलं, तर भावाचं खरं मानायचं की मुलीचं, एवढाच प्रश्न त्या आईपुढे नसतो. उद्या राहायचं कुठे, हाही असतो. ती मुलीलाच गप्प करते, आणि आपण त्या आईला नावं ठेवून मोकळे होतो. पदरात दोन मुलं आणि हातात पगार नाही अशा बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं, तर तिचं तोंड कशाने बंद केलं ते कळेल. म्हणून मुलीला वाचवायचं तर त्या आईच्या निवाऱ्याचा विचार आधी करावा लागतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात एका छताखाली राहणारे रक्ताचे आणि एकत्र कुटुंबातले नातेवाईकही येतात, फक्त नवरा नव्हे; भावाच्या घरात राहणारी बहीण त्या कायद्याखाली दाद मागू शकते. छळणारी व्यक्ती ‘प्रौढ पुरुष’च असली पाहिजे ही त्यातली अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली काढून टाकली, त्यामुळे भावजय, नणंद, जाऊ यांच्याविरुद्धही अर्ज करता येतो. हे कायदे वर्तमानपत्रात छापून येतात, आणि ज्या स्वयंपाकघरात त्यांची गरज असते तिथे पोचत नाहीत.

मुलांच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे तर जाणत्या माणसांनाही ठाऊक नसतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ सालचा. त्यानुसार मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे बाप, त्याच्यामागे आई. चुलता, मामा, आजोबा त्या यादीत नाहीत. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीची गोष्ट वेगळी. पण मुलाच्या स्वतःच्या नावाची जमीन, केवळ आपण त्याला सांभाळतो या आधारावर विकण्याचा अधिकार कुणाही नातेवाइकाला नाही, आणि सातबाऱ्यावरचं अ.पा.क. म्हणजे न्यायालयाने दिलेलं पालकत्व नव्हे. दुसरीकडे २०१५च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ असं सांगतं, की मूल प्रत्यक्षात ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणात आहे त्याने त्याला मारलं, छळलं, टाकून दिलं किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली, तर तो गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायद्याने नातेवाइकाला मिळकतीवर हक्क दिला नाही, जबाबदारी मात्र पुरेपूर दिली. आपल्या कितीतरी घरांत नेमकं याच्या उलट चालतं.

आता ओळखण्याबद्दल. इथे शिकल्यासवरल्या माणसांची नजर बहुधा चुकते, कारण ती गरिबीलाच हेळसांड समजतात. मळका सदरा, अनवाणी पाय, शिळी भाकरी यांत कुणाचा गुन्हा नाही. नातेवाइकांच्या घरात फरक ओळखायची एक साधी कसोटी आहे: त्याच घरातल्या इतर मुलांकडे पाहायचं. गरिबी घरातल्या सगळ्यांच्या ताटात दिसते, हेळसांड एकाच ताटात दिसते. घरची दोन मुलं रिक्षाने शाळेत जातात आणि त्यांच्याच वयाची पुतणी पहाटे उठून पाणी भरते. खरूज घरभर पसरते आणि मलम दोघांपुरतंच येतं. घरच्या मुलाला फळ्यावरचं दिसेना तर चष्मा आणतात, भाच्याला दिसेना तर तो ‘अभ्यास करत नाही’ ठरतो. पाहुणे आले की एक मूल आतल्या खोलीतच राहतं. शाळेत पोषण आहाराच्या वेळी ती मुलगी दुसऱ्यांदा वाढून घेते, थोडं दप्तरात लपवते, आणि सुटीनंतरच्या दिवशी सर्वांत भुकेली असते. यातलं एकेक सुटं पाहिलं तर काहीच सिद्ध होत नाही. एकाच मुलाच्या बाबतीत सगळं सलग घडत असेल तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

अशा नोंदीचा बराचसा भाग आधीच कुठेतरी झालेला असतो. अंगणवाडीत दर महिन्याला मुलाचं वजन घेतात आणि वृद्धिपत्रकावर ठिपका देतात. आईजवळ असेतो चढत गेलेली रेघ नातेवाइकांकडे आल्यावर सपाट झाली किंवा उतरली, तर ते पत्रक कुणाच्याही साक्षीपेक्षा जास्त बोलतं. हजेरीपटावर कोणत्या वारी, कोणत्या हंगामात मुलगी गैरहजर राहते ते असतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर ‘पडून लागलं’ असं कितीदा लिहिलं आहे ते असतं. मात्र अंगणवाडी सेविकेने, गुरुजींनी आणि डॉक्टरांनी आपापले कागद कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेले नसतात.

मारहाणीच्या खुणांबद्दल वैद्यकशास्त्राकडे आता बरीच पक्की माहिती आहे. धडपडणाऱ्या मुलाला लागतं ते गुडघ्याला, नडगीला, कोपराला, कपाळाला. कान, मान, पाठ, कुल्ले, दंडाची आणि मांडीची आतली बाजू इथे पडून सहसा लागत नाही. जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर काळानिळा डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं पाहिजे. उकळतं पाणी चुकून सांडलं तर शिंतोडे उडतात आणि भाजल्याची कड वेडीवाकडी येते. पाय धरून बुडवले असतील तर घोट्याच्या वर सरळ कड दिसते. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे खात्रीने सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे सांगितलेली हकिगत जखमेशी न जुळणं, किंवा विचारणारा माणूस बदलला की हकिगतही बदलणं.

हे ज्ञान यायला फार वेळ लागला. पॅरिसचे न्यायवैद्यक तज्ज्ञ आँब्रुआझ तार्दिय यांनी १८६० साली, बहुतांशी घरच्याच माणसांनी छळलेल्या मुलांची ३२ प्रकरणं लिहून प्रसिद्ध केली. त्यांच्या समकालीनांनी तिकडे जवळपास दुर्लक्ष केलं. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन कॅफी यांना लहान बाळांच्या क्ष-किरण चित्रांत लांब हाडांचे असे अस्थिभंग दिसले ज्यांचा उलगडा कुठल्याच आजाराने होत नव्हता. डेनव्हरचे हेन्री केंप आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली या सगळ्याला नाव दिलं, आणि पुढच्या पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या जवळपास सर्व राज्यांनी अशी प्रकरणं कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं. मुलं शतकभर तेच सांगत होती. ऐकलं गेलं ते हाडांचं छायाचित्र समोर ठेवल्यावर. नोंदीचं बळ काय असतं याचा मला यापेक्षा ठळक दाखला माहीत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत अंगावर खूण सापडेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतेच. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं गेलं. त्यांतल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी एका ना एका प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. २०१२चा पॉक्सो कायदा म्हणूनच रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्यातल्या माणसाने आणि एका घरात राहणाऱ्याने केलेला अत्याचार अधिक गंभीर मानतो आणि त्याला शिक्षाही अधिक देतो. मूल बोलून दाखवत नाही तेव्हा ते वागण्यातून सांगतं: एका ठरावीक घरी जायचं म्हटलं की पोट दुखतं, एका ठरावीक माणसाशेजारी बसायला ते तयार नसतं, सुटलेली सवय परत येऊन रात्री अंथरूण ओलं होतं. अशा वेळी ‘काकांच्या पाया पड, त्यांच्याजवळ जा, असं काय करतेस?’ म्हणून आपण तिला पुढे ढकलतो. मुलांना मोठ्यांचा मान ठेवायला शिकवताना नको असलेला स्पर्श नाकारायची मुभा आपण काढून घेतो. मला वाटतं, आपल्या संस्कारांतली ही गोष्ट एका पिढीत बदलली पाहिजे.

या संदर्भात लंडनमधलं एक प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे छळ करणारी नात्यातलीच होती. आयव्हरी कोस्टमधल्या व्हिक्टोरिया क्लिंबिए या सात वर्षांच्या मुलीला, वडिलांच्या नात्यातल्या आणि तिच्या आजीच्या जागी असलेल्या मारी-तेरेझ कुआओ या बाईने शिक्षण देते म्हणून आधी फ्रान्सला आणि मग १९९९ साली लंडनला नेलं. आईबापांना यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. मूल शिकायला नातेवाइकांकडे पाठवणं ही तिकडेही रूढ गोष्ट आहे. २५ फेब्रुवारी २००० रोजी आठ वर्षांची व्हिक्टोरिया मरण पावली तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमा मोजल्या गेल्या. कुआओ आणि तिचा सोबती कार्ल मॅनिंग यांना जन्मठेप झाली. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालातून २००३ साली बाहेर आलं ते भयंकर होतं. चार ठिकाणची समाजसेवा खाती, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथकं आणि दोन रुग्णालयं यांच्याकडे त्या मुलीचे कागद होते. तिला वाचवता आलं असतं असे किमान बारा प्रसंग येऊन गेले. एका रुग्णालयात मारहाणीचा संशय आला होता, पण वरिष्ठ डॉक्टरांनी त्या खुणा खरजेच्या ठरवल्या. बाईसमोर ती मुलगी ताठ उभी राहायची, ते एका समाजसेविकेला आफ्रिकी घरांतला मोठ्यांविषयीचा आदर वाटला. ती भीती होती. मोठ्यांसमोर मान खाली घालून उभ्या राहिलेल्या मुलाला आपणही ‘किती संस्कारी’ म्हणतो, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते. त्या अहवालानंतर ब्रिटनने २००४ साली मुलांविषयीचा नवा कायदा केला.

आपल्याकडे हेळसांडीचा दुसरा मोठा बळी म्हातारी माणसं आहेत, विशेषतः मूल नसलेली. तिथली चिन्हं अधिक बारीक असतात. पाठीला, टाचेला झालेल्या अंथरुणाच्या जखमा कुशी न बदलल्याने होतात आणि त्या एका दिवसात होत नाहीत. पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड पुतण्याकडे असतं. बँकेत अंगठा कुणाच्या सोबतीने उठतो ते शाखेतल्या माणसांना माहीत असतं. फुटलेला चष्मा सहा महिने तसाच राहतो. फोन ‘बिघडलेला’ असतो. भेटायला आलेल्याशी म्हातारीला एकटीने बोलू दिलं जात नाही, तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सून देते. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा मुलांपुरता नाही: निपुत्रिक ज्येष्ठाची मिळकत ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला पुढे मिळणार आहे, त्या नातेवाइकाने त्यांना पोसलं पाहिजे असं तो सांगतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणापुढे करायचा असतो, वकिलाची गरज नसते. बक्षीसपत्र करून घर भाच्याच्या नावावर करायचंच असेल, तर ‘मला आयुष्यभर सांभाळावं’ ही अट त्या दस्तात शब्दांत लिहून घ्यावी. त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर वाट पुष्कळ कठीण होते. दस्त लिहिणाऱ्याने हे म्हातारीला स्वतःहून सांगायला हवं, आणि तो क्वचितच सांगतो.

नोंद कशी असावी याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चांगल्या मनाने केलेली वाईट नोंद मुलाचं नुकसान करते. त्याच दिवशी लिहावं. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं ते लिहावं. पाहिलं ते आणि वाटलं ते वेगळं ठेवावं. ‘मामाने बेदम मारलं’ हा निष्कर्ष झाला. ‘डाव्या कानामागे दोन बोटं रुंद लालसर-जांभळा डाग, विचारल्यावर मुलगा म्हणाला, पडलो, मामा म्हणाला, सायकल लागली’ ही नोंद झाली. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहावेत. ते सभ्य करू नयेत, अवयवाला त्याने दिलेलं नाव बदलू नये. प्रश्न ‘मग काय झालं?’ एवढाच असावा. ‘काकाने तुला हात लावला ना?’ असं विचारलं की उत्तर मुलाचं राहत नाही, आणि न्यायालयात उलटतपासणीच्या वेळी तेच मुलाच्या अंगावर येतं. पुन्हा पुन्हा विचारू नये. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. दिसणाऱ्या जखमेचा फोटो काढताना एक लांबून आणि एक शेजारी पट्टी ठेवून जवळून घ्यावा. मूळ फोटो त्याच फोनमध्ये ठेवावा, व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेली प्रत मूळ राहत नाही. मुलाच्या गुप्तांगांचा फोटो कुणीही काढू नये, ते काम डॉक्टरांचं. डॉक्टरांना केसपेपरवर मुलाचे शब्द लिहायला सांगावं. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकावर सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार केले पाहिजेत असा कायदा आहे. आणि ही नोंदवही मूल राहतं त्या घरात ठेवू नये.

छळ शब्दांत नोंदवण्याची ही गोष्ट आपल्या बायकांना नवी नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत सासुरवास किती खोल भरून राहिला आहे हे कुणीही पाहू शकतं. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये सासूच्या हातून होणारे सुनांचे हाल स्पष्ट लिहिले. पण ओवीतून दुःख पोचलं तरी न्याय मिळत नाही, आणि आत्मकथन येतं तेव्हा आयुष्य उलटून गेलेलं असतं. मी ज्या नोंदीबद्दल बोलतो आहे ती छळ चालू असतानाची आहे.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की जमिनीच्या भांडणात अशा नोंदी हत्यार होतील. चुलत्याला अडकवायला पुतण्या वही काढेल. हे घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण खोट्या तक्रारीला बळ मिळतं ते नोंद नसण्याने, कारण तेव्हा दोन्हीकडे नुसती तोंडं असतात. त्या त्या दिवशी लिहिलेली, पाहिल्यापुरती, शाळेच्या आणि दवाखान्याच्या कागदाशी जुळणारी नोंद निरपराध चुलत्यालाही वाचवते. कायद्यानेही दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. पॉक्सोखाली प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर दावा होत नाही, जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षा आहे, आणि मुलाला मात्र त्यासाठी शिक्षा नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त सतावतो. नातेवाइकांवर अशी नजर ठेवली तर उद्या पोरक्या मुलाला घरात घ्यायला कोण धजेल? संस्थांमध्ये सगळं चांगलं चालतं असंही नाही; तिथल्याही बातम्या आपण वाचतो. म्हणून नोंदीचा पहिला उपयोग मूल काढून घेण्यासाठी नसावा. मुलांना घरातच सांभाळणाऱ्यांना मदत देणारी बालसंगोपन योजना महाराष्ट्रात आहे. तिच्याखालची गृहभेट नुसती सहीपुरती न राहता, मुलाशी एकट्याने दहा मिनिटं बोलण्यापुरती तरी खरी झाली, तर कितीतरी घरं वेळीच सावरतील. थकलेल्या मावशीला पैसे आणि आधार मिळाला तर तिचा हात उठायचा थांबू शकतो. नेकीने सांभाळणाऱ्याला अशा भेटीची भीती वाटायचं कारण नाही, उलट त्याच्या कष्टांची ती दखल ठरेल.

पण हे मारहाणीचं आणि हेळसांडीचं झालं. लैंगिक अत्याचाराला हा संयम लागू नाही. तिथे पुरावा जमवत बसणं हाच गुन्हा होऊ शकतो. पॉक्सोच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा घडला किंवा घडण्याची शक्यता आहे हे ज्याला कळलं त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या एका डॉक्टरवरचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. शोध पोलिसांनी घ्यायचा असतो. शिक्षकाने, शेजाऱ्याने, आत्याने फक्त कळवायचं असतं, त्याच दिवशी. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घातलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, त्याच्या विश्वासातल्या माणसासमोर. हे कुटुंबाला आधी सांगितलं तर पोलीस ठाण्याची भीती निम्मी होते.

वाचकांनो, तुमच्या भावकीत, शेजारात किंवा वर्गात एखादं मूल, एखादी म्हातारी तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल, तर कुणाशी चर्चा करायच्या आधी आज जे पाहिलंत ते तारीख घालून लिहा. मुलासाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, जिवावर बेतलं असेल तर ११२ हे क्रमांक लावा. १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. अशा मुलांच्या संरक्षणाचा निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे मुलाला पोलीसच नेऊ शकतात असं नाही. परिचारिका, डॉक्टर, कुणीही जागरूक नागरिक नेऊ शकतो, आणि मूल स्वतःही जाऊ शकतं.